मीठ लिहिलेलं पुस्तक

राधाबाईच्या हाताला चव होती, हे मच्छीमार नगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हळद असो की साखरपुडा, टोप उतरवायच्या आधी कुणीतरी पळत यायचं, "राधाकाकी, जरा बघून जा गो." काकी पदर खोचून जायची, रश्शाचा थेंब तळहातावर घेऊन चाटायची आणि सांगायची, "चिंच कमी पडली." त्यावर वाद नाही. तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप होती!

आणि अशा बाईची सून कोण, तर भाविका. कॉटन ग्रीनची. पोर कोळ्याचीच, पण बाप गोदामात कामाला, त्यामुळे हिने मासळी बघितली ती बाजारातून पिशवीत आलेलीच. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने हौसेने कालवण केलं. सासूने एक घास घेतला, ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "अळणी." झालं! पुढे दोन-चारदा करून पाहिलं, तर मीठ बरोबर असलं तरी अळणी, जास्त झालं तरी अळणी. "तुझ्या हाताला चवच नाय गो. नसते एकेकीच्या," हे शेजारणींसमोर, हसत हसत. भाविकाही त्यांच्याबरोबर हसायची. दुसरं करणार काय?

दहा-अकरा वर्षं तिने त्या घरात भाकऱ्या थापल्या, कांदे चिरले, टोप घासले. पण टोपात मीठ पडायचं ते सासूच्याच हातून. म्हातारी तापाने फणफणली असली तरी मीठ टाकायला खाटेवरून उठून यायची. भाविकाला ना सोनं पाहिजे होतं, ना साडी. एकदा, फक्त एकदा, म्हातारीने म्हणावं, "भाविका, मीठ बघ गो जरा." तेवढ्यासाठी तिचा जीव तुटायचा.

दिवाळीनंतर राधाबाईला ताप आला. आठवडाभर अंथरुणात होती, मग उठली, पुन्हा चुलीशी लागली. पण जेवणाचं काहीतरी बिनसलं. एक दिवस कालवण पाण्यासारखं, दुसऱ्या दिवशी खारट. भाविकाचा नवरा कल्पेश बोटीवरून आला की कधीतरी कुरकुरायचा, "आई, काय हे?" त्यावर ती डाफरायची, "दारू पिऊन जीभ जाळून घेतलीस, आता मला सांगतोस?" सासरा लहू मात्र मुकाट्याने जेवायचा. एकदा तर दूध करपून काळं झालं, शेजारची बाई धूर बघून धावली, आणि राधाबाई गॅसपासून हातभर अंतरावर बसून तांदूळ निवडत होती. "अगो, माझं लक्षच नाय गेलं," म्हणाली. भाविकाने ते भांडं दोन दिवस भिजत घातलं आणि गोष्ट विसरली.

त्यात लहूचं पोट दुखायला लागलं. परळच्या इस्पितळात तपासण्या झाल्या, गाठ निघाली, ती पसरलीही होती. डॉक्टर कल्पेशला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी न्या. जे मागतील ते खाऊ घाला." आता ह्या वाक्याचा अर्थ कुणाला कळत नाही? घरी आणला म्हाताऱ्याला. पेज, दूध, बस्स. आयुष्यभर वादळवाऱ्यात बोट हाकलेला गडी उशीइतका हलका झाला. आणि एक दिवस भिंतीला टेकून तो बायकोला म्हणाला, "बोंबलाचं कालवण कर गो एकदा. तुझ्या हातचं. मग जायला मी मोकळा."

एरवी राधाबाई तिथल्या तिथे उठली असती. त्या दिवशी तिचा चेहरा पडला. "उद्या करते, बोंबील चांगले येऊ दे," म्हणाली. दारासमोर बोंबलाचे ढीग पडतात त्या वस्तीत! दुसऱ्या दिवशीही म्हणाली, "उद्या." तिसऱ्या दिवशी कामावर निघालेल्या भाविकाला तिने दारात गाठलं.

"दादरलाच ना तुझं हापिस? येताना एक पुस्तक आण. जेवणाचं."

"पुस्तक? कुणाला?"

"मला. सातवी शिकलेय मी, वाचता येतंय." मग खाली बघत म्हणाली, "पण त्यात मीठ लिहिलेलं पाहिजे. किती टाकायचं ते. चमच्यात."

भाविका दिवसभर मनात हसत होती. राधाकाकीला पुस्तक! संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती स्टेशनजवळच्या पुस्तकांच्या दुकानात शिरली. पाककृतींचं अख्खं कपाट होतं. दुकानदाराने दोन-चार काढून दिली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ती उभ्या उभ्या चाळू लागली.

पहिलं चांगलं जाडजूड. सगळ्या सणांचं, सगळ्या प्रांतांचं. पण प्रत्येक पानावर 'अंदाजाने', 'मूठभर', 'लागेल तसं'. ज्याला अंदाज आहे तो पुस्तक कशाला घेईल? दुसऱ्यात प्रत्येक पदार्थाला ओव्हन. तिसऱ्यात एक वाटी हे, अर्धी वाटी ते, पण वाटी केवढी ते लिहायचं बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि मीठ? मीठ सगळीकडे 'चवीनुसार'. 'मसाल्याचा कच्चा वास जाईपर्यंत परता.' 'खमंग वास सुटला की पाणी घाला.' वास, वास आणि वास. भाविका पानं उलटत होती आणि एकाएकी थांबली. करपलेलं दूध. दूध करपलेलं कुणी बघतं का? ते नाकाला कळतं.

म्हातारीचं नाक गेलंय. जीभही गेलीय. तापात गेली ती परत आलीच नाही, आणि कुणाला सांगायची तिची छाती नाही.

आता खोटं कशाला बोला, भाविकाला आनंद झाला. उकळ्या फुटल्या. दुसऱ्याच्या हाताला चव नाही म्हणून नाकाने कांदे सोलणारी बाई, तिचंच नाक देवाने काढून घेतलं!

खालच्या फळीवर एक पुस्तक आडवं पडलं होतं. मळकट तपकिरी कव्हर, आत एकही फोटो नाही. घर सोडून खोली घेऊन राहणाऱ्या पोरांसाठी कुणीतरी शहाण्या बाईने लिहिलेलं. भाविकाने मासळीचं पान उघडलं. बोंबील सहा, मध्यम. पाणी दोन पेले, पेला केवढा तेही दिलेलं. कांदा विटकरीच्या रंगावर येईपर्यंत, मंद आचेवर, अमुक मिनिटं. मीठ सव्वा चमचा, सपाट, बोटाने कडेला सारखा करून. एकदाच टाका, आणि टाकलं की बरणी लगेच जागेवर ठेवा. अख्ख्या कपाटात पैसे टाकून घरी न्यावं असं हे एकच पुस्तक होतं. नाक-जीभ नसलेल्यानेसुद्धा ह्याच्यावर स्वयंपाक केला असता.

तिने ते मिटलं. हे नेलं तर म्हातारी चमचा घेईल, मोजेल, कालवण करेल, आणि पुन्हा राधाकाकी ती राधाकाकी. पुन्हा ही अळणी ती अळणी. आणि नाही नेलं तर? तर तिला कुणाची तरी जीभ मागावी लागेल. घरात दुसरी जीभ कुणाची आहे?

"हे खूप जातं, मॅडम," दुकानदार एक गुळगुळीत, जडच्या जड पुस्तक पुढे करत म्हणाला. कव्हरवर हसणारी बाई आणि पापलेट. आत मीठ चवीनुसार. भाविकाने ते घेतलं. तपकिरी पुस्तक तिने परत खालच्या फळीवर आडवं ठेवलं.

घरी राधाबाईने चष्मा लावून पान उघडलं आणि ओळींखालून बोट सरकवत नेलं. "मीठ... चवीनुसार." पान उलटलं. "चवीनुसार." आणखी एक उलटलं. मग मान वर करून तिने सुनेकडे पाहिलं.

"दुसरं नव्हतं, आई," भाविका म्हणाली. "सगळ्यांत असंच असतं."

"फोटो छान आहेत गो," म्हातारी म्हणाली आणि तिने पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिने बोंबील आणले. भाविका मुद्दाम घरी राहिली आणि मोरीच्या दाराशी उभी राहून बघत होती. राधाबाईने लसूण ठेचला, चिंच कोळली, मसाला टाकला, सगळं नेहमीसारखं. मग मीठ टाकलं. रश्शाचा थेंब तळहातावर घेऊन चाटला, सवयीने, आणि तशीच हात बघत बसली. जरा वेळाने तिने झाकण काढलं, बरणी उघडली आणि पुन्हा मीठ टाकलं. पहिलं टाकलेलं ती विसरली होती.

भाविकाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बोल, बाई बोल! एक शब्द बोलली असती तर वरून पाणी ओतता आलं असतं, थोडी चिंच वाढवता आली असती. पण तिला वाटलं, आता विचारेल. आता मान वळवेल आणि म्हणेल, भाविका, मीठ बघ गो. ती वाट बघत राहिली. राधाबाईने गॅस बंद केला.

लहूला बसता केला. त्याने भात कालवला, पहिला घास तोंडात घातला. त्याचा जबडा थांबला, डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने तो घास गिळला, पाणी प्यायला, आणि दुसरा घेतला.

"मीठ?" राधाबाईने विचारलं. नवऱ्याला ती हे उभ्या जन्मात पहिल्यांदाच विचारत होती.

"बरोबर आहे," लहू म्हणाला.

तिसरा घास त्याला गिळता आला नाही. पोट भरलं म्हणाला आणि आडवा झाला. सासू हात धुवायला गेली तशी भाविकाने टोपात बोट बुडवून चाटलं. समुद्राचं पाणी बरं. त्यानंतर लहूने काहीच मागितलं नाही. त्याच आठवड्यात तो गेला. पेजेवर गेला, पण त्याचं शेवटचं जेवण ते खारट कालवणच, आणि त्याची चव घरात एकट्या भाविकाला ठाऊक होती.

तेरावं झाल्यावर ती पुन्हा दादरला गेली. तपकिरी पुस्तक जिथे ठेवलं होतं तिथेच पडलं होतं, वर धूळ. तिने ते घेतलं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय? पण तिला अन्न गोड लागत नव्हतं, आणि काहीतरी केल्याशिवाय तिला चैन नव्हतं. घरी येऊन तिने ते सासूच्या मांडीवर ठेवलं.

राधाबाईने बोंबलाचं पान काढलं. "मीठ... सव्वा चमचा." तिचं बोट तिथेच थांबलं. मग कव्हरवरची धूळ तिने पदराने पुसली.

"हे तेव्हापण होतं?"

नवीन आलंय, म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण भाविकाच्याने बोलवेना. "होतं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

राधाबाई रडली नाही, ओरडली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर भाविकाला बरं वाटलं असतं. तिने दोन्ही पुस्तकं एकावर एक फळीवर ठेवली आणि म्हणाली, "आजपासून टोप तुझा. बोंबील आणलेत, कर."

तेराव्यानंतर घरात पहिल्यांदाच मासळी शिजणार होती. भाविका चुलीशी उभी राहिली. सासू दारात पाठ करून बसली होती. भाविकाने कांदा चिरला, लसूण ठेचला, चिंच कोळली. डोळे भरून येत होते, ते कांद्याने की कशाने तिचं तिलाच कळत नव्हतं. कालवण झालं तसं तिने सासूला वाढलं, मग स्वतःचं ताट घेऊन समोर बसली.

राधाबाईने भात कालवला. घास घेतला, सावकाश चावला, गिळला. आणखी एक घेतला.

"हाताला चव आहे गो तुझ्या," ती म्हणाली.

अकरा वर्षं ह्या शब्दांसाठी भाविकाने जीव टाकला होता. तिने मान खाली घालून पहिला घास तोंडात घातला. अळणी. मीठ टाकायचंच राहून गेलं होतं. पार अळणी.

तिने वर पाहिलं. म्हातारी तिच्याच तोंडाकडे बघत होती.

"काय गो? मीठ बरोबर आहे ना?"

भाविकाने घास गिळला, वर पाणी प्यायली.

"बरोबर आहे, आई."

"मग वाढ अजून," राधाबाई म्हणाली आणि तिने ताट पुढे केलं.