सोनुबाईची विहीर

"वाचायचं तं मनात वाच गं," चंद्रभागाबाई सुनेला म्हणाल्या होत्या, "तुजं मोट्यानं वाचनं कुनाच्या तरी अंगावर येल." जिजा हसली होती. इंटरपर्यंत कॉलेज केलेली सून. पळसदरीपलीकडच्या त्या वाडीत कुणाचंही पत्र आलं, नोटीस आली, की पोरगी कडेवर घेऊन तीच ओट्यावर वाचून दाखवायची.

यंदा, एक्याऐंशीच्या चैत्रात पंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. तीही जिजानंच भांडून लावायला लावलेली. सरकारचं अनुदान कुणाला मिळतं, हे गावाला कळायला नको? सगळे जमले. जिजा वाचत गेली. बैलजोडी, बैलजोडी, फवारणीपंप... "सोनुबाई पोशा गायकवाड. नवीन विहीर. चार हजार रुपये."

मग एकच हशा. "म्हातारे, हीर पाडलीस नि घोटभर पानी पन नाय पाजलंस आमाला?"

शेजारची सोनुबाई गर्दीतच उभी होती. साठीची, एकटी, नवरा पोशा जाऊन सहा वर्षं झालेली. पाणी ती धरणावरून आणायची. तिला एवढंच आठवलं, की दिवाळीत सरपंचाच्या पोरानं, हिरामणनं रेशनकार्डासाठी म्हणून तिचा अंगठा घेतला होता.

जिजाला वाटलं, चोर सापडला. सापडली सोनुबाई. दुसऱ्याच दिवशी हिरामण तिच्या दारात. "मृगाच्या आदी सायेब येनार हाय. हीर दिसली नाय तं पैसं तूच खाल्लंस. अंगठा तुजा हाय. शेत जाईल, नायतं तुरुंग."

जिजा भाकरी घेऊन गेली, तर म्हातारी आपल्या नऊ गुंठ्यांत कुदळ मारत होती.

"मावशी, हे काय?"

"कागदात हाय ना हीर? मंग जमिनीत बी पायजे."

"अगं, तू पैसे घेतलेच नाहीस! माझ्याबरोबर कर्जतला चल, साहेबाला सांगू."

"सायेब अंगठा बघल का माजं तोंड? तू वाचलंस तवा समदी हसली. हीर बघून कोन हसल?"

जिजा एकटीच अर्ज देऊन आली. उत्तर आलं, बाईनं स्वतः हजर राहावं. बाई खड्ड्यातून निघेना. खड्डा कमरेइतका झाला, मग डोक्याच्या वर गेला. शिडीवरून घमेली ती एकटीच वर आणायची. कडेची माती सुटत होती. माणसं येऊन बघून जात, हात कुणी लावत नव्हतं. चौकशी लागली तर यादीतल्या त्यांच्या न घेतलेल्या बैलांचंही बिंग फुटलं असतं.

मग एक दिवस हिरामण जिजाच्या ओट्यावर येऊन टेकला. पोरीच्या गालाला हात लावत म्हणाला, "वैनी, लेकरू ग्वाड हाय. जपा." दुसऱ्या सकाळी नवऱ्यानं मायलेकींना माहेरी, चौक गावी आणून सोडलं.

तेव्हापासून जिजाला घास जात नाही. सासूला पत्र घातलं, पण तिथं ते वाचणार कोण? ती हमरस्त्यावर उभी राहते, कर्जतकडे निघालेला दिसेल त्याला थांबवते, सोनुबाईला बघून या म्हणते. कुणी हो म्हणतं, कुणी वेडी समजतं. परत येऊन सांगितलं मात्र कुणीच नाही. मृगाला नऊ दिवस उरलेत. पाऊस पडला की ती माती उभी राहायची नाही.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, तर तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे. पळसदरीला उतरा, धरणाच्या बांधानं पुढं चाला. जांभळीच्या झाडापलीकडे ताज्या मातीचा ढीग दिसेल. अगदी काठावर जाऊ नका. लांबूनच हाक मारा, "सोनुबाई" म्हणून. तिला कमी ऐकू येतं. एकदा हाक मारून परत फिरू नका, तीन-चारदा मारा.