नागपूरची सर्जरी

रीमाला सर्जन व्हायचं होतं, आणि हे होळी बाजारातल्या भाजीवाल्या बायकांपासून पाववाल्या एडवर्डपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सांगत सुटायची ती तिची आई, भागूबाई. एमबीबीएसनंतर नागपूरची सर्जरीची सीट रीमाच्या रँकला मिळण्यासारखी होती, म्हणून पसंतीच्या यादीत महिनाभर तीच पहिली होती.

मग रीमाचं लक्ष जुड्यांकडे गेलं. चाळीस वर्षं भागूबाई वाडीतला माठ, मेथी उपटून केळीच्या सोपटाने जुड्या बांधत आली. हाताचा अंदाज असा, की गिऱ्हाईक कधी निवडत बसायचं नाही. आता एक जुडी मनगटाएवढी, दुसरी करंगळीएवढी. एकदा तर सोपट न बांधताच नुसत्या रचून ठेवल्या होत्या. डॉक्टर मुलीला आणखी काय सांगायला हवं? तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार निघाला, सुरुवातीचा.

भाऊ मितेश गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये राहायचा. रिपोर्ट वाचून तो नुसतं ‘बरं’ म्हणाला. रीमाला राग आला. आईचं पुढे काय करायचं, हे याने विचारायला नको? तो विचारत नाही ना, मग मीही बोलणार नाही. एकाच आईची पोरं ती, हट्टाला कोण कमी असणार.

प्रवेशाच्या शेवटच्या फेरीच्या दिवशी दुपारी ती ओट्यावर मोबाइल घेऊन बसली. नागपूर खाली गेलं, मुंबईतली पॅथॉलॉजी वर आली. काचपट्ट्या बघायच्या, रिपोर्ट लिहायचे, संध्याकाळी घरी. तिने यादी लॉक केली. रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच आलं नाही. तिने चहा केला, प्यायली, कप विसळून पालथा घातला.

चार दिवसांनी सीट लागली. पहिलीच पसंती. आता बदलायची सोय नव्हती.

रविवारी मितेश टेम्पो घेऊन दारात हजर.

“आईचं सामान बांधलंस?”

“कसलं सामान?”

“अगं, आई माझ्याकडे येतेय ना? तू नागपूरला जाणार म्हणून रिपोर्ट आला त्याच आठवड्यात तिने ठरवलं. आतली खोली रिकामी केलीय, बाथरूमात धरायला दांडी बसवलीय. तुला फोन करणार होतो, तर म्हणाली, तू नको, रीमाला मीच सांगते.”

दोघांनी ओट्याकडे पाहिलं. भागूबाई जुड्या बांधत होती. तिने आधी मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि तिचा हात थांबला.

“सांगितलं ना गं मी तुला?”

कुणावर तरी चिडावं म्हणून रीमाने मनात शोधलं. कुणीच सापडलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं, दात काढल्यावर गाल होतो तसं.

“हो आई. सांगितलंस.”

भागूबाईचा जीव भांड्यात पडला. “मग कवा निघतेस? तिकडचं पानी जड असतं म्हनतात, उकळून पी.”

“पिईन,” रीमा म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसून सैल जुड्या सोडून पुन्हा बांधायला लागली.