मला बाजूला सरकवलं तेव्हा

मी एक जुनं फिरतं स्टूल आहे, मित्रांनो. सुताराने मला घडवलं आणि फोटोवाल्या बाईंनी स्टुडिओत आणून ठेवलं. ओळखपत्राच्या नाहीतर पासपोर्टच्या फोटोसाठी माझ्यावर किती माणसं बसली असतील, त्याची गणतीच नाही. 'हनुवटी वर, कान दिसू देत, हसू नका' हे मला तोंडपाठ झालं आहे. मी कधी कुरकुरलं नाही म्हणून गिऱ्हाइकं माझं कौतुकही करत.

एकदा बाईंनी दुसऱ्या एका फोटोग्राफरच्या फोटोंचं पुस्तक आणलं. त्यात एक म्हातारा कोळी पहिल्या पानावर फाटकं जाळं घेऊन बसतो आणि शेवटच्या पानावर ते नीट करून उठतो. अंगावर मात्र एक सूतही नाही. बाई पुन्हापुन्हा पानं उलटत. "कपडे नाहीत, तरी बघताना चोरट्यासारखं का वाटत नाही?" असं स्वतःशीच पुटपुटत. मलाही नवल वाटलं. माझ्यावर बसणारे तर नखशिखान्त कपडे घालूनही अवघडलेले असत!

बाईंच्या थोरल्या ताई शिवणकाम करतात. आजारपणात त्यांचा एक स्तन काढावा लागला, तेव्हापासून त्या आरशाकडे पाठ करून कपडे घालत. पुस्तक पाहून त्याच म्हणाल्या, "माझे असे फोटो काढ. आरशात बघायचा धीर होत नाही. फोटोत तरी बघेन."

दार लावून, कपडे उतरवून ताई माझ्यावर बसल्या. बाई इतक्या बावरल्या की सवयीने बोलून गेल्या, "हनुवटी वर. कान दिसू दे. हसू नकोस."

"अगं, मला काय परदेशी धाडतेस?" ताई खो-खो हसल्या. पण फोटो बघून त्यांचा चेहरा उतरला. सगळे ओळखपत्राचेच फोटो! अंग जणू त्यांचं नव्हतंच. "राहू दे गं," म्हणत त्यांनी कपडे ओढून घेतले.

बाईंनी घाईने पुस्तक उघडलं. "ताई, थांब! हा कोळी फोटोसाठी बसलेलाच नाही. तो आपलं काम करतोय." आणि त्यांनी मला भिंतीकडे सरकवलं. खोटं कशाला बोलू, मला भारी राग आला.

ताईंचा एक आवडता ब्लाउज आता अंगाला नीट बसत नव्हता. ओढून घेतलेले कपडे पुन्हा बाजूला ठेवून, खिडकीशी उभ्या राहून त्यांनी तो उसवला, बेतला, पुन्हा शिवला. कामाच्या नादात लाजायचं राहूनच गेलं. शेवटच्या फोटोत त्या तोच ब्लाउज अंगात चढवत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोटो टेबलावर मांडले. ताईंनी चष्मा लावला. फोटोतल्या छातीवरच्या व्रणावरून हळूच बोट फिरवलं.

"डॉक्टरांचा हात साफ आहे हो," त्या म्हणाल्या. "टाके बघ, कसे एकसारखे आलेत."

आणि मग त्या ढसाढसा रडल्या. बाईंनी धावत मला ओढून आणलं आणि त्यांना बसवलं.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, रंग द्या, असं मी मागणार नाही. एवढीच विनंती आहे, की व्रण असलेल्या माणसापासून नजर चोरू नका. जवळ जा, आणि आधी त्याला बसायला द्या.