गफ्फारभाईच्या ढिगातली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. चावीच्या ग्रामोफोनवर वाजणारी, काळी, लाखेची. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी एकत्र मळून मला साच्यात दाबले. माझ्या अंगावर जी बारीक वर्तुळे दिसतात, त्यांत एक गाणे आहे. ते बाळापूरच्या कुलसुमबीने गायले होते आणि तिचा धाकटा भाऊ नबी याने सारंगीवर साथ केली होती. अमरावतीला आवाज शोधायला आलेल्या एका छोट्या कंपनीच्या माणसाने त्या दोघांना मुंबईला नेले, गाणे भरून घेतले आणि परत गाडीत बसवून दिले. ही स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट.

माझ्यासारख्या तबकड्या फार निघाल्या नाहीत. ज्या निघाल्या, त्या फारशा खपल्या नाहीत. कंपनी लवकरच बुडाली.

मी अकोल्याच्या किसनरावांकडे आले. लग्नात आणि जत्रेत लाउडस्पीकर लावणे हा त्यांचा धंदा. कौंडण्यपूरच्या जत्रेत मी बरीच वाजले. लोक फुटाणे खात माझ्यासमोरून जात. कोणी थांबले असेल, कोणी नसेल. पुढे सिनेमाची गाणी आली, लोक तीच मागू लागले आणि किसनरावांनी मला पेटीच्या तळाशी ठेवले. एकोणीसशे साठच्या सुमारास त्यांनी ती पेटी अब्दुल गफ्फार या भंगारवाल्याला देऊन टाकली.

गफ्फारभाईच्या दुकानासमोर तबकड्यांचा ढीग असे. चालणाऱ्या वर, न चालणाऱ्या खाली. खालच्या तबकड्या अधूनमधून पोत्यात भरून लाखेसाठी वितळवायला जात. माझ्या शेजारच्या बऱ्याच जणी तशा गेल्या. माझे पोतेही भरायला घेतले होते.

त्या दिवशी हेमचंद्र वकील आले. ते अमरावतीचे, तारखेसाठी अकोल्याला येत आणि कोर्टातून सुटले की काळ्या कोटासकट या ढिगापाशी उकिडवे बसत. गफ्फारभाईला त्याचे नवल वाटे.

"वकीलसाहेब, चांगल्या तबकड्या वरतं ठेवल्या हायेत," तो म्हणाला. "तुमी खालच्या कावून उकरून राहिले?"

"वरच्या साऱ्यांच्या घरी हायेत," वकील म्हणाले. "ज्या कोणाच्याच घरी नाहीत, त्या मले पाह्यजे."

त्यांनी मला पोत्यातून काढले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि उन्हाकडे तिरके धरले. माझ्या मधोमध चिकटवलेल्या कागदावर गाणारणीचे नाव आणि गाव होते. हे नाव त्यांनी कुठेच ऐकले नव्हते. त्यामुळे ते खूश झाले.

घरी त्यांनी मला वाजवले. दुसऱ्या दिवशीही वाजवले. मग ही बाई कोण, हयात आहे का, याची त्यांनी चौकशी सुरू केली. पुढच्या तारखेला आले तेव्हा ग्रामोफोनची पेटी आणि मला मांडीवर घेऊन ते बाळापूरच्या मोटारीत बसले.

कुलसुमबी किल्ल्याच्या बाजूला मुलीकडे राहत होती. केस पांढरे झाले होते. वकिलांना वाटले होते, आपली तबकडी पाहून बाई हरखून जाईल. तिने मला हातात घेतले, नाव वाचले आणि खाली ठेवले. मग हळूहळू तिने सांगितले ते असे. मुंबईहून आल्यावर त्याच साली नबी हैजाने, म्हणजे कॉलऱ्याने, गेला. कंपनीने पाठवलेली तबकडी टपालातच फुटून आली होती, आणि वाजवायला घरात यंत्रही नव्हते. आपले गाणे तिने कधी ऐकलेच नाही. नबीनंतर ती गायलीही नाही.

"साहेब, तुमी इतके दूर आले, चहा घ्या," ती म्हणाली. "पण ते मले आयकाचं नाही."

वकील पेटी बंद करू लागले. तेव्हा तिची मुलगी गुलनार दारातून म्हणाली, "अम्मी, मामूले मी पाह्यलंबी नाही, आयकलंबी नाही. एक डाव वाजू दे."

कुलसुमबीने मला उचलून वकिलांकडे दिले. वकिलांनी चावी भरली आणि सुई टेकवली.

ती स्वतःच्या आवाजाकडे लक्ष देत नव्हती. सारंगी आली की तिची मान थोडी वळे, गाणे आले की परत सरळ होई. गाणे संपले. वकिलांनी नेहमीसारखा सुई उचलायला हात पुढे केला, तो तिने धरला. माझ्यावर थोडी वर्तुळे उरली होती. यंत्र थांबले असे समजून नबी त्या वेळी काहीतरी बोलला होता आणि कंपनीने ते तसेच राहू दिले होते. खरखरीतून त्याचा कोवळा आवाज आला, "आपा, पानी पिती क्या?"

कुलसुमबी पेटीकडे बघत म्हणाली, "हां, दे."

गुलनार आत गेली आणि पाणी घेऊन आली. ते कुलसुमबी प्यायली.

वकिलांनी मला कागदी पाकिटात घातले. माझ्यासारखी दुसरी त्यांना कुठे मिळणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. ते दारापर्यंत गेले, थांबले आणि परत येऊन मला कुलसुमबीच्या खाटेवर ठेवून गेले. तिच्याकडे ग्रामोफोन नव्हता, म्हणून अकोल्याची तारीख असली की ते पेटी घेऊन बाळापूरला येऊ लागले. पुढे कुलसुमबी गेली, तेव्हा त्यांनी ती पेटीही गुलनारकडेच ठेवली.

आता माझ्यावर बरेच ओरखडे आहेत. गाण्याची एक ओळ अडकते, गुलनार बोटाने सुई पुढे सरकवते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी तबकडी असेल तर तिला उन्हात ठेवू नका आणि तिच्यावर ओझे ठेवू नका. टाकून देण्यापूर्वी एकदा वाजवून पाहा. गाणे आवडले नाही तरी चालेल. फक्त ते संपले की लगेच सुई उचलू नका.