झिजलेल्या टोकाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. माझं एक टोक झिजलंय. हे आधीच सांगून टाकते, कारण वेळेवर न सांगितल्यामुळे एकदा मोठा घोळ झाला होता.

कारखान्यातून आले तेव्हा मी अगदी काटेकोर होते. वेधशाळेतल्या सरांशी माझी जोडी जमली. दीर्घिकांचे फोटो टेबलावर पसरून ते माझ्या मदतीने त्यांची रुंदी मोजत. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. तिच्याभोवती कृष्णपदार्थाचं भलंमोठं मंडळ असतं. ते दिसत नाही. तारे किती वेगाने फिरतात, त्यावरून त्याचा अंदाज बांधतात. मंडळ हातभर धरलं, तर दीर्घिका जेमतेम नखाएवढी. मंडळ मोठं असलं की दीर्घिकाही साधारण त्याच प्रमाणात मोठी निघते.

"ही पट्टी म्हणजे माझा उजवा हात," असं सर कौतुकाने म्हणत, आणि माझ्याच टोकाने डब्यांची झाकणं उचकटत! झिजले मी. अर्धा मिलिमीटर गेला. तेव्हापासून सर टोक सोडून एकच्या रेघेपासून मोजू लागले, पण कुणाला बोलले नाहीत.

सर निवृत्त झाले आणि मी खणात, रबरबँडांच्या गुंत्यात पडून राहिले. काही वर्षांनी त्यांच्या विद्यार्थिनीने, म्हणजे आमच्या ताईंनी, मला शोधून काढलं. "अय्या, सरांची पट्टी!" केवढा आनंद झाला मला! पण ताईंनी फोटोवर माझं झिजलेलं टोकच टेकवलं आणि माझा जीव टांगणीला लागला. प्रत्येक माप अर्धा मिलिमीटर जास्त भरू लागलं. मोठ्या दीर्घिकांना तेवढ्याने काय होतंय? पण तीन-चार मिलिमीटरच्या चिमुकल्या दीर्घिका आपापल्या मंडळाच्या मानाने फुगलेल्या निघाल्या. ताईंना वाटलं, नवा शोध लागला. दोन वर्षं खपून त्यांनी लेख लिहिला आणि पाठवण्याआधी सरांना दाखवायला बोलावलं.

ताई एक फोटो मोजून दाखवत असताना सरांनी त्यांचा हात धरला. "अगं, टोकापासून मोजतेस?"

"मग कुठून मोजू?"

"एकपासून. टोक कधीचं झिजलंय."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, मला सांगायचं तरी!"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल," सर खाली मान घालून म्हणाले. "चुकलंच माझं."

ताई थोडा वेळ रडल्या. मग डोळे पुसून पहिला फोटो पुढे ओढला. सर आकडे लिहून घ्यायला बसले. तीनशे बारा फोटो पुन्हा मोजून झाले, तेव्हा लहान दीर्घिका निमूटपणे इतरांच्या ओळीत येऊन बसल्या होत्या. लेख ताईंनी स्वतःच्या हाताने फाडला.

मला मात्र त्यांनी फेकलं नाही. माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: 'टोक झिजलं आहे. एकपासून मोजा.'

मित्रांनो, वस्तू वापरा, पुसून जागेवर ठेवा, माझ्यासारखं तिला झाकणं उचकटायला लावू नका. तरीही ती झिजेल, त्यात लाज कसली? फक्त तुमच्यानंतर ती ज्याच्या हाती जाईल, त्याच्यासाठी एक चिठ्ठी तेवढी लावून ठेवा.