वरचा अर्धा पीळ

"कुठल्या गाढवानं आवळलीय ही क्लिप?"

बॉनेटखाली डोकं खुपसलेल्या मामांचा आवाज इंजिनातून यावा तसा आला. गॅरेजच्या दारात उभी असलेली त्यांची लेक घड्याळ बघत होती. नव्या नोकरीच्या गावी तिला उजेडात पोहोचायचं होतं, आणि इथे सकाळ सगळी शिव्या ऐकण्यात चालली होती.

मामा म्हणजे सगळ्या गल्लीचे मामा. हयात पितळी रेडिएटर झाळण्यात गेलेली. पितळ कसं शहाण्यासारखं वागतं. फुटलं तर झाळा, चेपलं तर ठोका, पुन्हा कामाला लावा. हे प्लास्टिक मात्र रुसलेल्या जावयासारखं, एकदा बिनसलं की समजूत काढायची सोयच नाही. तरी मामांनी हट्टाने तापलेली सळई टेकवून पाहिली होती. रेडिएटरच्या ज्या तोटीला पाण्याचा पाइप बसतो, तिला बारीक भेग गेली होती. भेग बुजायची राहिली आणि चांगलं बोटभर भोक पडलं.

"मामा, नवाच घाला की," समोरचा स्पेअर पार्टवाला नवा रेडिएटर घेऊन आला. "प्लास्टिकशी कसली डोकेफोड करताय?"

"तू मला शिकवू नकोस. ठेव तिथं."

गेली कित्येक वर्षं लेक गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेत असे. मामा तोंडाने काही म्हणत नसत, पण ते त्यांना झोंबायचं. या खेपेस ती आपणहून त्यांच्याकडे आली होती. आज गाडी आपल्या हातून धड होऊन निघाली नाही, तर ती पुन्हा इथे यायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नवा रेडिएटर बसला. पाइप चढला. मामांनी क्लिप आवळली आणि सगळं झाल्यावर सवयीप्रमाणे वरचा अर्धा पीळ दिला. हा अर्धा पीळ म्हणजे त्यांची सही होती. मामांनी बसवलेला पाइप निघत नाही, असं गल्ली म्हणायची ते त्याच्याच जोरावर.

कट् असा आवाज झाला आणि नवी तोटी तडकली.

कुणी काही बोलायच्या आत मामांनी कंपनीच्या, दुकानदाराच्या आणि प्लास्टिक शोधून काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "सगळा माल बोगस!"

"माल चांगला आहे, बाबा." लेकीचाही धीर सुटला. "तुम्ही जास्त आवळलंत. मी मागे घरी आले होते, तेव्हाही क्लिप तुम्हीच आवळली होती. तेव्हापासूनच गळतंय."

मामांनी हातातल्या पान्याकडे पाहिलं. सकाळचं गाढव कोण, हे आता कळलं होतं.

"मग वर्कशॉपला का नाही नेलीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"म्हणजे माझी समजूत काढायला आलीस होय?"

"हो!" ती वैतागून म्हणाली. "आणि आता उशीरही होतोय."

मामा पालथ्या खोक्यावर बसले. राग कुणावर काढावा ते कळेना. प्लास्टिकवर काढून झाला होता, लेकीवर काढवत नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं. मग ते उठले आणि रस्त्यापलीकडे ओरडले, "अरे, आणखी एक आण! आणि दात काढू नकोस."

दुसरा रेडिएटर त्यांनी हलक्या हाताने बसवला. पाइप चढवून त्यांनी पाना लेकीपुढे धरला.

"घे. तू आवळ."

"मी? मला कुठं येतं?"

"म्हणूनच."

ती बिचकत पाना फिरवू लागली. क्लिप पाइपाला नीट बसली, तसा मामांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने पाठीमागे धरून ठेवला.

"बस?" तिने विचारलं.

"बस."

इंजिन तापलं, पंखा फिरून थांबला. मामांनी तोटीखाली तळवा धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. थेंबसुद्धा आला नाही. "नीघ आता," ते म्हणाले, "आणि पोहोचलीस की फोन कर."

"पुढच्या वेळी पण इथंच आणते."

"बघू." त्यांनी फडकं उचललं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी मामा तो कोरडा हात फडक्याला पुसत उभे होते.