सहा बरोबर सहा

माठाखालच्या वाटीत एक थेंब टपकन पडला आणि गायत्रीनं मान वर केली.

"वहिनी, पुसू नका. थांबा!"

तोवर मी माझ्या लेकीच्या, दीक्षाच्या, पाटीवरचं निम्मं पुसलंही होतं. ज्या गणितातून x उडून जायचा, ते मी पुसूनच टाकायची. ज्याला शोधायला निघालो तोच हरवला, म्हणजे आपलंच कुठंतरी चुकलं, असं वाटायचं.

माझा दहावीचा गणिताचा पेपर परवावर आला होता. हे पंचायत समितीत शिपाई होते. गेल्या वर्षी वाशीच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली आणि गेले. यांच्या जागेवर मला घेणार होते, पण दहावी पास हवी. मी नववीतच शाळा सोडलेली. शेजारची गायत्री कॉलेजातून आली की शिकवायला बसायची. आज सकाळीच मी सासूबाईंना सांगून टाकलं होतं, "आत्या, मला न्हाय जमायचं. मी पेपरला जात न्हाय."

त्यांनी नुसतं ज्वारीचं सूप पुढं ओढलं होतं.

गायत्रीनं पुन्हा लिहिलं:

२(x + ३) = २x + ६

मी कंस सोडवला. दोन्हीकडचे २x गेले. उरलं ६ = ६. खाली लिहिलं, 'उत्तर नाही.'

"सहा बरोबर पाच आलं असतं, तर उत्तर न्हाय म्हणायचं," गायत्री म्हणाली. "हे खोटं हाय का?"

"खोटं न्हाय. पण x कुठाय?"

"काहीबी घ्या की. बसतंय का बघा."

ज्वारी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "काहीबी घ्या म्हणं! मास्तरीण हायस का भाजीवाली गं तू?"

गायत्री हसली. मी चौतीस घेतले. त्यात तीन मिळवून दुप्पट केली, चौऱ्याहत्तर. पलीकडं अडुसष्ट आणि सहा, चौऱ्याहत्तर.

सासूबाईंचा हात सुपातच थांबला. "माझा प्रसेन गेला तवा त्याला चौतिसावंच लागलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. मग पुन्हा ज्वारी निवडत, "माझं साठ घाल. कमीजास्त असंल तर तुझं तू बघ."

साठही बसले. दीक्षानं तिचे आठ घालायला लावले. तेही बसले.

"आता शून्य," दीक्षा म्हणाली.

शून्य घातलं. अलीकडं सहा, पलीकडं सहा.

"कळलं का वहिनी?"

"कळलं. कुठलीबी संख्या घातली तरी खरंच राहतं. सगळ्याच संख्या उत्तर." 'उत्तर नाही' मी बोटानं पुसलं आणि तिथं 'प्रत्येक संख्या' लिहिलं. अक्षर जरा तिरकं आलं. "आत्या, परवा जाते मी."

"जाते म्हणं! न जाऊन भागंल व्हय?" असं म्हणून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. तोंडाबरोबर डोळेही.

गायत्री चप्पल घालून निघाली. दीक्षा मात्र पाटी मांडीवर घेऊन बसूनच होती. खोडलेल्या दोन २x वरून तिचं बोट फिरत होतं.

"आई, x निघून गेला तरी दोन्हीकडं सारखंच राहिलं. मग तो होता कशाला?"